पाळीमागची बांधी

डोमा,

गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवणार आहे. तू असतास तर तोंडावर ठेवली असती, पण गेले दहा महिने मी तुझ्याशी बोलतच नव्हतो, आणि आता बोलायला बसलो तर तू निघून गेलेला. हीसुद्धा तुझी जुनीच खोड. शाळेत गुरुजींची छडी निघाली की तू खिडकीतून तलावाकडे पसार व्हायचास आणि मार मी खायचो.

तुला ताप आहे हे मला माहीत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला तरी खरं सांगतो. मला कळलं होतं. बाजारात कुणीतरी म्हणालं, "डोमा बिमार हाय, तुले इचारून राह्यला होता." मी म्हटलं, ताप काय, सगळ्यांनाच येतो, आणि सायकलला पिशवी अडकवून सरकारी फार्मवर कामाला परत गेलो. चौथ्या दिवशी तू गेल्याचा निरोप आला.

आता दहाव्याला मी तुझ्या धानाच्या बांधीत जे पाहिलं, त्याबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी माझा राग नीट मांडू दे. दहा महिने जपलेला राग आहे, तो असा एका वाक्यात टाकून द्यायचा नाही मला.

तू मला दोन वर्षं खोटी पत्रं लिहिलीस.

नागपूरच्या शेतकी कॉलेजातला एक मुलगा जपानला पाठवायचा आणि तिकडच्या विद्यापीठातला एक मुलगा इकडे घ्यायचा, अशी अदलाबदल ठरली तेव्हा माझं नाव कसं निघालं ते तुला ठाऊक आहे. त्या दिवसांत जिकडेतिकडे जपानी पद्धतीच्या भातशेतीचा गाजावाजा होता, आणि सगळ्या वर्गात चिखलात पाय घालून मोठा झालेला मी एकटाच. तिकडच्या प्राध्यापकांनी आधीच कळवलं होतं: तुमच्या गावी एक शेत आमच्या पद्धतीनं लावायला सांगा, दोन हंगामांच्या नोंदी मागवा, इकडचं तिकडचं ताडून पाहू, त्यावरच तुमचा प्रबंध. आमच्या घराची मोठी बांधी मी मनात पक्की केली. आणि लावणार कोण, नोंदी लिहिणार कोण, याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. आपल्या गावात सातवी पास झालेले आपण दोघं. तुझं अक्षर माझ्याहून चांगलं. तू मासे धरायचास, तलावामागचा तुझा तो टीचभर तुकडा कसायचास, आणि माझ्यासाठी जीव टाकायचास. निदान मी तसं समजत होतो.

दोरी आपण दोघांनी केली. तलावाच्या उंच मातीच्या पाळीवर बसून तू अंबाडी वळत होतास आणि मी तुझ्या घरून आणलेल्या पार्वती वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या फाडत होतो. दर वितीला एक चिंधी बांधायची, दोरी बांधीत ताणायची, आणि चिंधी असेल तिथं रोप खोचायचं, म्हणजे ओळ सरळ येते. एवढं साधं. तरी आपलं भांडण झालंच. वीत कोणाची धरायची? तुझा पंजा केवढा, जाळं फेकून फेकून रुंद झालेला. माझा कॉलेजातला.

"माही वीत धर," तू म्हणालास. "धानाले जागा पायजे. तुह्या वितीत बेडूक बी बसत नाई."

मी हसून तुझीच धरली. निघायच्या दिवशी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तू वैनगंगेपर्यंत आलास, डोंग्यातून मला पलीकडे सोडलंस, आणि नागभीडच्या छोट्या गाडीची वेळ होत आली तरी विचारत राहिलास, "तिकडं मासोळी कच्ची खातेत मने, खरं का?" मी म्हटलं, मला काय माहीत. तू म्हणालास, "तू खाल्ली तं मले लिव्हजो. मंग तुह्या हातचं पानी बी पेनार नाई मी." नदीवरचं आपलं शेवटचं बोलणं असं होतं. आईनं दिलेली पोह्यांची पुरचुंडी मी डोंग्यातच विसरलो आणि ती तू खाल्लीस, असं तुझ्या पहिल्याच पत्रात होतं. एवढा खरा माणूस.

खाल्ली मी मासोळी, कच्ची. तुला कधीच लिहिलं नाही. चांगली लागली.

तिथली थंडी काय सांगू. खोलीत चटईवर गुडघे मोडून बसायचं, पुढ्यात कोळशाची एवढीशी शेगडी, तळवे भाजायचे आणि पाठ गारठायची. पहिले कित्येक महिने मी घरी परत यायचे बेत मनातल्या मनात करत होतो. भाषा येत नाही, भात चिकट, सकाळी उठल्यापासून वाकून नमस्कार करता करता कंबर दुखायची. त्यात तुझी पत्रं यायची. पत्राला मासळीचा वास असायचा, खरंच असायचा, खोलीतला दुसरा मुलगा नाक मुरडायचा. बोलताना तू अस्सल झाडीचा, पण लेखणी हातात आली की शाळामास्तर: "आपल्या मोठ्या बांधीत रोवणा यथासांग पार पडला. दोरी उत्तम चालली. फुटवे भरपूर आहेत." पुढे मोजमाप. एका चुडात किती फुटवे, लोंबी केवढी, पाणी कधी सोडलं, तण किती वेळा काढलं. आपल्याकडे "बांधी" म्हणजे काय हे समजावायला मी प्राध्यापकांना कागदावर चौकोन काढून दाखवला, चारी बाजूंना मातीचे धुरे, आत पाणी, पाण्यात धान. त्यांनी तुझं पत्र हातात घेऊन अक्षर पाहिलं, एक अक्षरही कळत नसताना, आणि म्हणाले, "हा माणूस सावकाश लिहितो. नोंद अशीच माणसं चांगली ठेवतात." त्या दिवशी मला परत जावंसं वाटलं नाही. पुढेही नाही.

मी तुला कळवलं होतं की तुझी वीत जास्त होते, माझ्याइतकी धर, आणि मापाला म्हणून पत्रावर माझा पंजा ठेवून पेन्सिलीनं गिरवून पाठवला होता. तुझं उत्तर आलं, "आज्ञेप्रमाणे चिंध्या सोडून पुन्हा बांधल्या." मी ते वाचून खोलीत एकटाच हसलो होतो.

मग हारा आला. माझ्या बदल्यात नागपूरला गेलेला तो मुलगा. त्याला आपल्या गावी जाऊन यायला मीच लिहिलं होतं, बांधी पाहून ये, माझे वडील दाखवतील. नवीन वर्षाला तो परत आला आणि वर्गात सगळ्यांसमोर त्यानं मला फोटो दिला. प्रेमानं दिला, भेट म्हणून. फोटोत आमची मोठी बांधी. धुऱ्यावर बाबा, शेजारी त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, आणि एका कडेला तू, कपाळावर हात धरून उन्हाकडे बघणारा. तुमच्यामागे धान. दाट, गच्च, इकडे झुकलेलं तिकडे झुकलेलं, हात पडेल तिथं खोचलेलं, आजाच्या काळापासून लावतात तसं. ओळ नव्हती. डोमा, एकसुद्धा ओळ नव्हती.

फोटो हातोहात फिरत प्राध्यापकांकडे गेला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "तुमच्याकडे आभाळ फार मोठं आहे." बस. तिकडची माणसं अशीच, शिवी देत नाहीत. दोन दिवसांनी माझ्या प्रबंधाची वही टेबलावर परत आली, आत चिठ्ठी, "नोंदी पुन्हा एकदा तपासून घ्याव्यात." तपासणार काय, कपाळ? मी तो भाग काढून घेतला आणि उरलेल्या अर्ध्यामुर्ध्यावर कसाबसा पास झालो. दोन महिन्यांपूर्वी त्याच वर्गात उभा राहून मी सांगितलं होतं की माझ्या गावी माझा एक मित्र आहे आणि तो माझ्याइतकीच नीट नोंद ठेवतो. ते आठवलं की अजून कान तापतात. तुझी सगळी पत्रं मी त्या शेगडीत घातली. एकेक करून, वाचत वाचत.

मी गेलो तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, आलो तेव्हा मुंबई राज्यात. गावात तेवढंच बदललं होतं. घरी पाय धुवायच्या आधी मी पाळीवर आलो. तू जाळं विणत होतास. मला पाहून उठलास, हात पसरलेस, आणि मी तुझ्या हातात फोटो ठेवला.

तू तो उलटा केलास, सुलटा केलास. "फोटू चांगला निंगला," म्हणालास.

"ओळी कुठं आहेत, डोमा?"

बाबा माझ्यामागून आले होते. बैलांना पाणी पाजायला आलेली चारदोन माणसंही होती. तू बाबांकडे पाहिलंस. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या माणसासमोर लाज वाटली असेल. मग तू म्हणालास, "नाईत."

"मग मला काय लिहीत होतास दोन वर्षं?"

"खोटं लिवलं मी."

असा सरळ. मी काय काय बोललो ते सगळं आता लिहवत नाही. माझी मान खाली घातलीस म्हणालो. तुझ्या जिभेला हाड नाही म्हणालो. आणि तुझ्या पोटातलं शेवटी बाहेर आलं, मी जपानला गेलो ते तुला बघवलं नाही, हेही म्हणालो. बाबा एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, माझ्या बाजूनं गप्प आहेत.

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "बोलून झालं असन तं पाळीमागं चाल जरा. माही बांधी पाय."

"तुझी बांधी घाल चुलीत," मी म्हणालो.

त्यानंतर तू तीनदा बोलावलंस. एकदा रोवण्याच्या दिवसांत, चिखलाच्या पायांनी आमच्या दारात येऊन. एकदा आरमोरीच्या बाजारात. एकदा धान कापणीला आलं तेव्हा, निरोप धाडून: "शंकरले मना, कापाच्या आंधी एक डाव येऊन जा." तिन्ही वेळा मला वाटलं, हा विषय बदलतोय. माफी मागायची नाही म्हणून शेत दाखवतोय. तुझा टीचभर तुकडा मी लहानपणापासून पाहिलेला, त्यात काय पाहायचं होतं?

तुझ्या दहाव्याला सगळे तलावावर होते. मला तिथं उभं राहवेना, पिंडाला कावळा शिवतो की नाही हे बघायचा धीर नव्हता. मी पाळ चढलो आणि मागच्या बाजूला उतरलो. माघाचं ऊन, बांध्या कोरड्या पडलेल्या, सगळीकडे कापलेल्या धानाची धसकटं. तुझ्या धुऱ्यावर पाय ठेवला आणि थांबलो.

ओळी होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. उभ्या पाहिल्या तरी सरळ, आडव्या पाहिल्या तरी सरळ. तिकडे शेतांवर उभा राहून मी ज्या ओळी पाहायचो, त्याच. मी खाली बसलो आणि दोन धसकटांमध्ये हात ठेवला. करंगळी एका धसकटाला लागली, अंगठा दुसऱ्याला. पुढच्या दोनात ठेवला. त्याच्या पुढच्या दोनात. माझी वीत होती, डोमा. तुझी नाही.

पार्वती वहिनी केव्हा आल्या कळलं नाही. धुऱ्यावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, "तिसरं साल हे. पयल्या दोन्ही साली असंच. तुमाले लिवलं ते समदं इथलंच लिवलं. रोज येऊन मोजत. मी मनो, लोकाच्या बांधीचं नाव काऊन लिवता? तं गप."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला मी गावात नसतानाच्या पहिल्या आषाढात कळायला हवं होतं. तू दोरी घेऊन आमच्या मोठ्या बांधीत उतरलास. एक टोक तू धरलंस, दुसरं टोक बाबांच्या हातात दिलंस. तेवढ्यात मोठे बाबा आले. त्यांनी बांधीत ताणलेली दोरी पाहिली, आणि न्याहारीची भाकर धुऱ्यावर ठेवून तिथंच खाली बसले. आपल्या गावात शेतात दोरी पडते ती एकाच दिवशी, भाऊ वेगळे होतात त्या दिवशी. पंच धुऱ्यावर बसतात, दोरीचं एक टोक एका भावाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या, आणि घरी गेल्यावर दोन चुली मांडतात. मोठ्या बाबांना वाटलं, पुतण्या साहेब व्हायला चालला, जाता जाता बापाला वाटणी मोजायला सांगून गेला. ते रडले म्हणे. सत्तरीचा माणूस, रोवणाऱ्या बायांसमोर. तीन दिवस जेवले नाहीत.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. शेजारच्या घराची वाटणी झाली तेव्हा मी आणि तू त्याच पाळीवर बसून पाहिली होती, त्या म्हातारीचा हंबरडा ऐकून पळालोही होतो. पण पुस्तकात दोरी वाचली आणि मी ते साफ विसरलो. आपल्या बापाच्या हातात दोरीचं टोक द्यायला सांगून मी बोटीत बसलो. आणि तुला आठवलं नाही का? की आठवलं, पण शंकर शिकलेला आहे, त्यानं विचार केलाच असेल, असं वाटलं?

बाबांनी दोरी गुंडाळून तुला परत दिली आणि आण घातली. "पोराले कळलं तं शिक्षन सोडून ईन. तुले माह्या गळ्याची आन हाय, तोंडातून काढू नोको." वहिनी म्हणाल्या, "हे मनत, सांगू नाई शकत, पन दाखवू तं शकतो ना. मून बलावत होते तुमाले."

मग त्या घरात गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. चार घड्या पडलेला, चिखलाच्या बोटांचा. त्यावर पेन्सिलीनं गिरवलेला माझा पंजा.

मी घरी जाऊन बाबांसमोर बसलो. ते खाटेवर, मी जमिनीवर. म्हणालो, "त्या दिवशी पाळीवर तुम्ही तिथं होता. मी त्याला काय काय बोललो. एक शब्द तरी बोलायचा होता." "मोठा भाऊ घरात होता ना," बाबा म्हणाले. "तू त्याच्यासंग भांडून दोन दिवसांनी फार्मावर जानार. मले त्याच्यासंगच राहाचं होतं. अन् डोमा मनला, राहू द्या काका, शंकरचा राग मी सोसतो." मोठे बाबा अजून त्याच घरात जेवतात. चूल एकच आहे. ती तुझ्या जिवावर पेटत राहिली.

मला दगा दिला नाही असा माणूस मला घरात दिसत नाही. बाबांनी दिला. तू दिलास, आणि सगळ्यात मोठा दिलास, कारण तुझ्याकडे खरं होतं. एवढं खरं, मोजलेलं, वीत वीत भरून लावलेलं, आणि ते तू आमच्या बांधीच्या नावावर लिहिलंस. एका ओळीत लिहायचं होतंस, "आपल्या नाही, माझ्या बांधीत." मी कारण विचारलं असतं म्हणतोस? विचारलं असतं. तू काहीतरी सांगितलं असतंस. तेवढं खोटं मला चाललं असतं. त्याऐवजी तू मला तुझ्यावर थुंकू दिलंस आणि उभा राहिलास. कुणी सांगितलं होतं तुला एवढं चांगलं व्हायला? मित्राच्या हातून असं पाप घडू देणं ही कुठली मैत्री? मी तुला माफ केलेलं नाही. करेन असंही वाटत नाही. आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर एवढं रागावावं, असं माणूसही आता राहिलं नाही.

काल प्राध्यापकांना पत्र लिहिलं. नोंदी तपासल्या, त्या बरोबर आहेत, शेताचं नाव तेवढं चुकलं होतं. नकाशा पुन्हा काढून पाठवला. तलाव, तलावाची पाळ, पाळीमागे एक छोटा चौकोन, चारी बाजूंना धुरे. चौकोनात तुझं नाव लिहिलं, आपल्या अक्षरात आणि खाली त्यांच्या. त्यांनी छापावं अशी अपेक्षा नाही. त्यांना कळावं एवढंच.

वहिनींनी विचारलं, आषाढात दोरीचं दुसरं टोक कोण धरणार. मी धरणार आहे. चिंध्या माझ्याच वितीवर राहू देणार आहे, तू कितीही कुरकुर केलीस तरी.

पत्र टाकून येताना तुझ्या दारापासून तुझ्या बांधीपर्यंत पावलं मोजली. पाळ चढून उतरून दोनशे दहा झाली. मी बोटीत बसून समुद्र ओलांडला, डोमा, आणि ही पाळ ओलांडली नाही. तू चार वेळा बोलावलंस.

मी आलो आहे.

शंकर